कूलरच्या पोटातले कांदे

मित्रांनो, आधी नाक धरून बसा. माही गोष्ट वासाची हाये, अन् तो वास काही चांगला नाई.

मी एक जुना कूलर हाये. पत्र्याचा, चौकोनी, ढेरपोट्या. नागपुरातल्या कोणत्याही गल्लीत जा, खिडकीले तोंड लावून उभे असलेले माहे भाऊबंद तुमाले भेटतीन. पण त्यायच्या पोटात पाणी असते. माह्या पोटात कांदे हायेत. ते तिथी कसे आले अन् मधात काय घाण झाली, ते सांगतो. ज्याले लवकर मळमळते त्यानं दोन घोट पाणी पिऊन घ्या.

मले इतवारीतल्या एका पत्रेवाल्यानं बनवलं. त्यानं चादर कापली, ठोकली, तीन बाजूनं जाळ्या बसवल्या, समोरून पंखा लावला. जाळ्यायच्या आतून वाळ्याच्या ताट्या बांधल्या. खाली पाण्याची टाकी, टाकीत मुठीएवढा पंप. पंप पाणी वर चढवे, ते ताट्यायवरून झिरपे, अन् पंखा बाहेरची झळ आत ओढे. ओल्या वाळ्यातून येता येता त्या झळीचा राग निघून जाये. खोलीत पोहोचेपर्यंत ती गार अन् सुगंधी होये. मी जन्मलो तो असा सुगंधात जन्मलो. हे ध्यानात ठेवा, म्हणजे पुढं मले काहून इतकी किळस आली ते समजन.

मले घेतलं रुपरावनं. रुपराव तवा खापरखेड्याच्या वीजघरात पाण्याच्या पंपावर नोकरीले होता. मशिनी तापत अन् हा त्यायले पाणी पुरवे. सारी उमर तेच केलं म्हणून त्याच्या डोक्यात एकच कायदा बसला होता. तापलं का पाणी सोडा. रस्ता तापला, पाणी शिंपडा. पोराचं कपाळ तापलं, ओली पट्टी ठेवा. शेजारचे दोघं भांडून तापले तर हा तांब्या घेऊन मधात जाये अन् म्हणे, "आधी पाणी प्या गा, मंग एकमेकाचा गळा धरा."

वीजघराच्या कॉलनीत रुपरावले क्वार्टर होतं, तिथी मी राजा होतो. दुपारच्या पारी आजूबाजूचे लोकं आपापली चटई घेऊन येत अन् माह्यासमोर आडवे होत. रुपरावची बायको सिंधूताई म्हणे, "हा कूलर नसता तर मी या गावात एक उन्हाळा काढला नसता." दर वर्षी होळी झाली का ती मले घासून पुसून काढे, नव्या ताट्या बांधे अन् पहिलं पाणी सोताच्या हातानं भरे. मित्रांनो, माह्या पोटात हात घालून साफ करणारी तीच एक होती. बाकी सारे फक्त हवा खाणारे.

सिंधूताई गेली. रुपराव रिटायर झाला. नागपुरात, प्रताप नगरात, घर झालं. त्या घरात पोरगा जितेंद्र, सून दिपाली, नात मिनल. अन् एका उन्हाळ्यात भिंतीवर एक पांढरी पेटी बसली, लेकाची न घुरघुरता गार हवा देणारी. मले उचलून घरामागच्या सांदवाडीत नेलं, शेवग्याच्या झाडाखाली ठेवलं. कोणी मांगं वळून पाहिलं बी नाई.

मंग सुरू झाली घाण.

कबुतरानं माह्या डोक्यावर घर केलं अन् पाठीवरून पांढरे ओघळ सोडले. एक पाल टाकीत पडली, मेली, वाळली, तिथंच चिपकली. गल्लीतलं काळं कुत्रं रोज माह्या डाव्या पायावर पाय वर करे, जसा काही तो पाय त्याच्या बापानं त्याच्यासाठीच लावून ठेवला. अन् शेजारचे मनोहरराव. चांगला माणूस, बोलाले गोड, पण तोंडात सदा तंबाखू-सुपारीचा खर्रा. भिंतीपलीकडून रुपरावसंग गप्पा मारता मारता पिचकारी मारे ती बरोबर माह्या जाळीवर. माही जाळी पांढरी होती, मित्रांनो. आता तिचा रंग विचारू नका.

पण सगळ्यात वाईट होतं पाणी. पावसाचं पाणी माह्या टाकीत साचे. ते काढाले कोणी नाई. त्याच्यावर हिरवी साय धरे, साईखाली अळ्या वळवळत. मी सुगंधात जन्मलो होतो, अन् आता माह्या पोटात डासायची शाळा भरली होती.

मागच्या पावसाळ्यात मिनलले डेंगू झाला. धंतोलीतल्या दवाखान्यात भरती करा लागलं. पोरगी बरी होऊन घरी आली त्याच दिवशी दिपाली सांदवाडीत आली. तिनं माह्या टाकीत वाकून पाहिलं अन् नाक असं आवळलं का मले माहीच लाज वाटली. तिचं नाक लय तिखट. दूध फाटाच्या आधी तिले कळे का दूध फाटणार हाये. तिनं मले आडवं पाडलं, सारं पाणी ओतून टाकलं अन् सासऱ्याले म्हणली, "मामाजी, हा कूलर भंगारात, कबाडीले द्या."

रुपरावनं मले उभं केलं. सिंधूताईच्या हातचा कूलर, त्याले कसा द्याव? तो म्हणला, "पाहू."

"पाहू नाई. एक पावसाळा पाहिला आपण. बस झालं."

मले त्या बाईचा राग आला. खोटं काहून बोलू. मनात म्हणलं, हिले फक्त नाक वाकडं कराले येते.

आता कांदे कसे आले ते ऐका. रुपरावची मोठी बहीण, भागीरथाबाई, सावनेरकडच्या एका खेड्यात राहते. ती दर साली आपल्या परसातले कांदे भावाले पाठवे. यंदा तिचे गुडघे धरले, बसता येईना, तर कांदे लावणं राहून गेलं. रुपरावनं फोनवर सांगितलं, "बाई, यंदा मी लावतो. कांदेनवमीले तू माह्या घरी ये. माह्या सांदवाडीतल्या कांद्याचे भजे खाऊ घालतो तुले."

कांदेनवमी आषाढात येते. तिच्यामांगून एकादशी लागते, चातुर्मास बसते, मंग भागीरथाबाईसारखे जुने लोकं चार महिने कांद्याले हात लावत नाईत. म्हणून नवमीले सारे पोटभर कांदे खाऊन घेतात.

फोनमधून भागीरथाबाईचं हसणं मले शेवग्याखाली आयकू आलं. "रुप्या, कांदा लावणं सोपं हाये, पोरगं बी लावते. चैत्रातला कांदा आषाढापर्यंत टिकवणं, ते बायकाईचं काम हाये. तुह्या कांद्याले तवापर्यंत कोंब येतीन नाई तर पाणी सुटन. मी माहे घेऊनच येतो, कुठूनबी."

"आणू नको. आणले तर मी बोलणार नाई तुह्यासंग."

"तसंबी तू कुठी बोलते," म्हणली ती अन् फोन ठेवला.

रुपरावले ते झोंबलं. थंडीत त्यानं सांदवाडी खणली, शेणखत टाकलं. त्या खताचा वास, जाऊ द्या. वाफे केले, रोपं लावली. मी उभ्या उभ्या सगळं पाहिलं. पात हिरवीगार झाली, मंग बुडाशी गड्डे धरले, मातीतून लाल लाल खांदे वर आले. मंग एक दिवस पातीनं माना टाकल्या. भागीरथाबाईनं फोनवरून सांगितलं, "माना पडल्या का? आता पाणी तोड. वाफे कोरडे होऊ दे, मंग उपट." पाणी तोडणं रुपरावच्या जिवावर आलं. तो नळाजवळ जाये, हात लावे, वापस येये. पण मोठ्या बहिणीचं आयकलं.

कांदे उपटले. पातीसकट सावलीत वाळवले. माना सुकल्यावर दोन बोटं ठेवून पात कापली. जाड मानेचे अन् फुलाचे डेंगळे आलेले कांदे बाजूला काढले, ते टिकत नाईत म्हणून आधी खाऊन टाकले. इथंवर सारं बरोबर झालं. आता ठेवाचे कुठी? घरात जागा नाई. रुपरावची नजर माह्यावर पडली. तीन बाजूनं जाळी, पायायमुळं जमिनीवरून उंच, वरून छप्पर. कांद्याले अजून काय पायजे?

त्यानं माह्या सडलेल्या ताट्या काढल्या, बांबूच्या कमच्यायचे कप्पे आतमधी बसवले, अन् एकेक कांदा असा मांडला जसे काही देवघरातले देव.

दिपाली मांगच्या दारात उभी होती. "मामाजी, कबाडी शनिवारी येते."

रुपराव म्हणला, "दिपाली, आयक वं बाई. नवमीपर्यंत थांब. कांदे टिकले तर कूलर राहीन. सडले तर कबाडीले मीच आवाज देईन. माह्या तोंडानं."

"पाणी भराचं नाई त्याच्यात."

"कांद्यात पाणी कोण भरते गा," रुपराव हसून म्हणला. मिनलसंग अन् सुनेसंग बोलताना बी त्याच्या तोंडी गड्यायले म्हणाचा 'गा' येऊन जाये, नोकरीची सवय.

मित्रांनो, माहं मरणं-जगणं त्या दिवशी कांद्याले बांधलं गेलं. मले कांदा काही आवडत नव्हता, त्याचे सालपटं पोटात खाजवत. पण मी वारा येऊ दिला. एका जाळीतून आला, कांद्यायच्या मधून फिरला, दुसऱ्या जाळीतून गेला. कांदे खडखडीत राहिले. हलवले तर गोट्यायसारखे वाजत.

मंग नवतपा लागला, उन्हाळ्यातले आगीचे नऊ दिवस.

नागपूरचा नवतपा ज्यानं पाहिला त्याले सांगाले नको, अन् ज्यानं नाई पाहिला त्याले सांगून समजणार नाई. शेवग्याचा पाला गळाले लागला. माहा पत्रा असा तापला का कबुतर बसून लगेच उडे. रुपराव दुपारी डोक्याले दुपट्टा बांधून आला, जाळीचं दार उघडलं, एक कांदा हातात घेतला. कांदा गरम.

"अरे, हे तर तापले," तो म्हणला.

बस. आता तुमाले समजलंच असन.

संध्याकाळी तो बाजारातून नव्या वाळ्याच्या ताट्या घेऊन आला. पंप धुतला, वायर जोडली, पायपानं टाकी भरली. घरात कोणी नव्हतं. मिनलच्या सुट्ट्या म्हणून दिपाली माहेरी गेली होती, जितेंद्र बाहेरगावी ड्युटीवर. रुपरावनं बटन दाबलं.

मी काय सांगू तुमाले. इतक्या वर्षांनं माह्या पंख्यानं पहिली गिरकी घेतली. पाणी चढलं. ताट्या भिजल्या, वाळ्याचा तो वास सुटला, माह्या जन्माचा वास. मी असा धडधडलो का शेवगा हालला. भिंतीवरून मनोहररावनं डोकं काढलं अन् म्हणले, "वा रुपरावजी. माणसाले मिळत नाई अशी सेवा कांद्याले."

"तापले होते ना जी," रुपराव म्हणला. "मशीन असो का कांदा असो, तापलं का पाणी सोडा."

तो माह्यासमोर खुर्ची टाकून बसला. डोळे मिटले. कदाचित त्याले क्वार्टर दिसलं असन. मले तर दिसलं.

चार दिवस सुखाचे गेले. मंग माह्या पोटात काहीतरी नरम झालं.

पहिले एक कांदा बसला. म्हणजे गड्डा आतून ढिला होऊन खाली चेपला. मंग त्याच्या बाजूचा. वरच्या कप्प्यातल्या कांद्यानं खालच्यावर तपकिरी पाणी सोडलं. ते पाणी ठिबकत ठिबकत टाकीत गेलं. अन् टाकीतून, मित्रांनो, माह्याच पंपानं ते वर चढवलं. मी तो सडक्या कांद्याचा काढा दिवस-रात्र साऱ्या कांद्यायवर शिंपडून राहिलो होतो, अन् पंख्यानं त्याचा वास साऱ्या गल्लीत फेकून राहिलो होतो. जाळीवर काळी बुरशी धरली. हिरव्या माशा आल्या. पांढऱ्या बारीक अळ्या कप्प्याच्या कमच्यायवरून चालत. मेलेल्या उंदरावर कोणी शिळं आंबट वरण ओतावं, तसा तो वास. मले वाळ्याचा वास बी त्याच्यात सडल्यासारखा वाटाले लागला. जलमाची किळस आली मले माह्याच श्वासाची.

रुपराव रोज समोर बसे. त्याले काहीच नाई. एका सकाळी तर तो माह्यासमोर नाश्त्याचे पोहे घेऊन बसला अन् शेवटच्या दाण्यापर्यंत खाल्ले. मले उलटी करता येत नाई, नाई तर केली असती.

मनोहररावले त्यानं विचारलं, "वास-गिस तर नाई ना येऊन राहिला?"

मनोहररावनं नाकासमोरची माशी हाकलली. त्यायले नवमीच्या भज्याचं आमंत्रण होतं. "छे छे. कांद्याचा येते थोडा. कांद्याले कांद्याचाच येईन ना जी."

असे गोड माणसं, मित्रांनो. खर्र्याची पिचकारी मारतीन, पण खरं बोलणार नाईत.

दिपाली माहेरून आली. ऑटो गल्लीच्या तोंडाशी होता तवाच तिनं ओढणी नाकावर घेतली. बॅग खाली ठेवली नाई, तशीच मांगं आली. माह्या पाण्याचा आवाज आयकला अन् जागच्या जागी उभी राहिली.

"मामाजी, काय मेलं हाये याच्यात?"

"काही नाई मेलं. कांदे हायेत."

"तुमी पाणी भरलं."

"तापले होते म्हणून..."

"तुमाले वास नाई येऊन राहिला?"

"कायचा वास? मनोहररावले बी विचारलं, ते म्हणले काही नाई."

दिपालीनं बटन बंद केलं. माहा पंखा फिरत फिरत थांबला. तिनं दार उघडलं अन् पहिल्या कप्प्यातला कांदा उचलाले गेली. वरून तो कांदा लाल, साबूत. पण तिचे बोटं आरपार आत गेले. पचकन पाणी उडालं, मनगटावर, बांगड्यायवर. त्या पाण्यात एक अळी वळवळली.

ती शेवग्याच्या बुडाशी गेली अन् ओकली. दोनदा.

मी म्हणलं, झालं. आता कबाडी. अन् खरं सांगू का, मलेच वाटलं का बरं होईन. असं पोट घेऊन कोण जगते.

रुपराव खुर्चीवरून उठला. त्याचं तोंड उतरलं होतं. "मी बोललो होतो," तो हळू म्हणला. "सडले तर मीच आवाज देईन. उद्या देतो."

दिपालीनं तोंडावर पाणी मारलं. स्कूटीवर जाताना पोरी बांधतात तसा स्कार्फ डोळ्यांपर्यंत गुंडाळला. घमेलं घेतलं, माह्यासमोर बसकण मारली अन् हात घातला.

"काय करून राहिली?" रुपरावनं विचारलं.

"निवडून राहिली. सारे सडले असतीन असं थोडी हाये."

"ओकली ना आताच. राहू दे, मी करतो."

"तुमाले समजत नाई कोणता सडला ते. वरून सारे सारखेच दिसते. वास घेऊन पाहा लागते. हा घ्या, सांगा, चांगला का खराब?"

तिनं एक कांदा त्याच्या हातात देला. रुपरावनं तो नाकाजवळ नेला. मोठा श्वास घेतला. मंग परत घेतला. मी त्याच्या तोंडाकडं पाहून राहिलो होतो. ते लहान पोरासारखं झालं होतं.

"मले वासच येत नाई वं," तो म्हणला. "तो कोरोना झाला होता ना, तवापासून. कायचाच येत नाई. फुलाचा नाई, भाजीचा नाई. मी म्हणलं येईन कधी तरी. तुमाले काय सांगाव."

दिपालीचा हात माह्या पोटातच थांबला. "म्हणून मले सर्दी असली का तुमी फाटलेल्या दुधाचा चहा पिऊन घेता मुकाट्यानं."

"मले काय माहीत ते फाटलं होतं."

"अन् मी समजे का मामाजी माह्या चुका झाकून राहिले."

 मंग दिपाली जराशी सरकली, त्याच्यासाठी जागा केली. "बसा. तुमी काढा, माह्या नाकाजवळ धरा. मी सांगतो."

अशी ती दुपार गेली. रुपराव एकेक कांदा काढे, स्कार्फजवळ नेये. दिपाली नाक वाकडं करे अन् सांगे, "फेका. फेका. हा बी फेका. हा... हा ठेवा." सडलेले घमेल्यात, चांगले सावलीत अंथरलेल्या पोत्यावर. प्रत्येक वासाले तिचं अंग शहारे, डोळ्यात पाणी येये, अन् तरी पुढच्या कांद्याले नाक समोर करे. मले तिचा राग येत होता ना? त्या दिवशी मले समजलं. ज्याले किळस येते, साफ बी तोच करते. ज्याले काहीच वाटत नाई त्याच्या घरात घाण सुखानं नांदते. सिंधूताई बी माही टाकी घासताना नाक असंच आवळे. ते मी विसरूनच गेलो होतो.

वरच्या कप्प्यात, मांगच्या कोपऱ्यात, जिथी पाण्याची धार पोहोचत नव्हती, तिथले कांदे वाचले होते. बाकी सारे घमेल्यात गेले. खड्डा करून रुपरावनं ते पुरले.

मंग दिपाली म्हणली, "कूलर ठेवाचा असन तर एक काम करा लागन." तिनं हातोडी अन् जाड खिळा आणून देला.

रुपरावले समजलं. मले बी समजलं. त्यानं ताट्या काढल्या, पंप काढला, त्याची वायर गुंडाळली. मंग खाली बसला, खिळा माह्या टाकीवर ठेवला अन् थांबला. सिंधूताईनं घासलेली टाकी ती. एकदा तिच्यावरून हात फिरवला. मंग ठोकला. एक भोक, मंग दुसरं, मंग कोपऱ्याकोपऱ्यात. शेवटचं गढूळ पाणी माह्यातून गळून मातीत गेलं.

मित्रांनो, त्या भोकायनं मी कूलर राहिलो नाई. आता मले कोणी पाणी पाजणार नाई, वाळ्याचा तो वास मले परत येणार नाई. दुखलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी वारा आला अन् माह्या पोटातून, टाकीच्या भोकायतून बी, सरळ निघून गेला. इतक्या वर्षांत पहिल्या वेळेस माह्या पोटात काहीच साचलेलं नव्हतं.

उरलेले कांदे कोरडे करून परत आत ठेवले. पाऊस लागला. दिपालीनं वरून ताडपत्री बांधली अन् बाजू उघड्या ठेवल्या. दमट दिवशी रुपराव नुसता पंखा लावे, कोरडा.

कांदेनवमीले भागीरथाबाई आली. गुडघ्यावर हात ठेवत ऑटोतून उतरली, अन् तिच्यामांगून ऑटोवाल्यानं एक पोतं उतरवलं.

"बाई, कांदे आणले तू," रुपराव म्हणला.

"आणणारच. तुह्या भरोशावर उपाशी राहू का?" ती सरळ सांदवाडीत आली, माह्या पोटात पाहिलं. कप्पे अर्ध्याहून जास्त रिकामे. "एवढेच? बाकीचे कुठी गेले?"

"सडले," रुपराव म्हणला. "मी पाणी मारलं त्यायले. नवतपा होता, गरम लागले हाताले."

भागीरथाबाईनं भावाकडं असं पाहिलं जसं लहानपणी चिखलात लोळून आल्यावर पाहत असन. "कांद्याले तू आंघोळ घातली."

"हाव."

"अन् साबण नाई लावला?"

दिपाली पदर तोंडाले लावून हसली. पण उठून तिनं माह्या पोटातलेच कांदे काढले, टोपल्यात घेतले, अन् भागीरथाबाईच्या पोत्याले हात लावला नाई. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मले सगळं आयकू येत होतं. चिरणं, बेसन कालवणं, कढईतलं ते चर्रर. पंगत माह्यासमोर सांदवाडीतच बसली, मनोहरराव सगळ्यात पहिले.

रुपरावनं भजं हातात घेतलं, खाल्लं नाई. "बाई, वास कसा येऊन राहिला?"

भागीरथाबाईले दिपालीनं त्याच्या नाकाचं आधीच सांगून ठेवलं असन. ती थोडा वेळ चावत राहिली. "भज्याचा येऊन राहिला. अजून कायचा येईन." मंग डोळे पुसले. "तिखट हाये लेकाचा कांदा. तळल्यावर बी झोंबते. आपल्या परसातला झोंबे तसाच."

रुपरावनं भजं तोंडात टाकलं अन् मान हलवत राहिला.

तेवढ्यात गल्लीत कबाडीचा आवाज आला. रुपराव उठला. शब्दाचा पक्का माणूस. "आलो," म्हणला अन् दाराकडं चालला. माहा पत्रा गार पडला.

"कुठी चालले मामाजी?" दिपालीनं विचारलं.

"मी बोललो होतो. सडले तर देईन. सडलेच ना जास्तीचे."

"अन् हे काय खाऊन राहिले आपण?"

"टिकले ते थोडेच."

भागीरथाबाई कांद्याचे हात पुसत उठली. "तुमचं चालू द्या भांडण. पोरी, हे पोतं धर. उद्यापरवा एकादशी लागते, मी आता कार्तिकापर्यंत कांदा खात नाई. घर माहं गळते, तिथी सडतीन. त्या डब्यात टाक हे सारे." ती माह्याकडं हात करून म्हणली. मंग भावाकडं वळली. "अन् तू नळाजवळ जाऊ नको."

कबाडी पंप, त्याची वायर अन् सडक्या ताट्या घेऊन गेला. मले नाई नेलं.

आता माह्या पोटात भागीरथाबाईचे कांदे हायेत. कबुतर तसंच हाये, कुत्रं तसंच हाये. मनोहररावले दिपालीनं तोंडावर सांगितलं, तवापासून ते दुसऱ्या बाजूनं थुंकतात. तिथी गुलाबाची कुंडी हाये, तिची गोष्ट तिलेच विचारा.

मित्रांनो, तुमच्या घरी बी असन असं काही, कोपऱ्यात ठेवून विसरलेलं. त्याची काळजी घ्या, पण तुमाले जे आवडते ते त्याच्यावर ओतू नका. आधी जवळ जाऊन पाहा त्याले काय पायजे. वाकून वास घ्या. किळस येईन. येऊ द्या.

दिपाली रोज सकाळी येते. जाळीचं दार उघडते, सारं डोकं माह्या पोटात घालते, नाक आवळते अन् मोठा श्वास घेते. मांगं रुपराव उभा राहून तिच्या तोंडाकडं पाहते. मी बी श्वास धरून राहतो.

मंग ती दार लावते अन् काही न बोलता घरात जाते. ज्या दिवशी ती काही बोलत नाई, त्या दिवशी मी सुगंधात हाये असं समजतो.